कोल्हापूरची अर्थव्यवस्था आणि इतर देश: तुलनेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्याची आर्थिक पाहणी विधिमंडळात मांडली गेली, की जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता हातोहात फिरतो आणि पाठोपाठ ‘कोल्हापूर आता अमुक देशाच्या बरोबरीला आले’ अशी वाक्येही फिरू लागतात. वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांनी आणि वर्गाबाहेर शेतकऱ्यांनी, फौंड्रीवाल्यांनी, परदेशी मुले असलेल्या आईवडिलांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

एका जिल्ह्याची तुलना थेट देशाशी करणे योग्य आहे का?

करता येते, आणि माझ्या मते करावीही; फक्त जिल्हा हा देश नसतो, ही गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात ठेवावी लागते. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38,76,001 भरली. युरोपातल्या क्रोएशिया या देशाने 2021 मध्ये जनगणना केली, तेव्हा तेथे 38,71,833 माणसे होती. म्हणजे दोन्ही आकड्यांत एखाद्या मध्यम गावाएवढेच अंतर आहे. माणसे सारखी, पण आपला जिल्हा 7,685 चौरस किलोमीटरचा आणि तो देश 56,594 चौरस किलोमीटरचा, सात कोल्हापुरांहूनही मोठा. क्रोएशियाचे दरडोई उत्पादन 2023 मध्ये 20,000 डॉलरच्या पुढे होते. त्याच काळातले, म्हणजे 2023-24 चे, महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न 2,78,681 रुपये होते, म्हणजे 83 रुपयांना एक डॉलर धरला तर साधारण 3,350 डॉलर.

इथे थांबलो तर तुलना अर्धवट राहते. क्रोएशियात 2011 मध्ये सुमारे 42.85 लाख लोक होते. 2013 मध्ये तो युरोपीय संघात गेला, तरुणांना इतर सदस्य देशांत कामाला जाणे सोपे झाले, जन्मही घटले आणि दहा वर्षांत देशातली चार लाखांहून अधिक माणसे कमी झाली. दरडोई आकड्यात भागाकार माणसांनी होतो, त्यामुळे माणसे निघून गेली तरी सरासरी वाढू शकते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या काळात साडेतीन लाखांनी वाढली.

शिवाय क्रोएशियाला स्वतःचे चलन होते आणि 1 जानेवारी 2023 पासून युरो स्वीकारण्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला. कोल्हापूरला व्याजदर ठरवता येत नाही, साखरेच्या निर्यातीवर निर्णय घेता येत नाही, जीएसटीचा दर बदलता येत नाही. म्हणून ‘क्रोएशियाने जे केले ते कोल्हापूरने का केले नाही’ हा प्रश्न अन्यायाचा आहे. ‘तिथल्या आईला बाळंतपणात जी काळजी मिळते ती इथल्या आईला मिळते का’ हा प्रश्न मात्र पूर्ण न्यायाचा आहे.

जिल्ह्याचे उत्पन्न मोजते कोण, आणि तो आकडा कितपत भरवशाचा असतो?

राज्य शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय हा अंदाज काढते. शेती, खाणी, कारखाने अशा ठिकाणी जे प्रत्यक्ष पिकते किंवा बनते त्याची माहिती जिल्ह्यानुसार मिळते, त्यामुळे तो भाग बऱ्यापैकी पक्का असतो. रेल्वे, बँका, विमा, दूरसंचार यांचे तसे नाही. तेथे राज्याचा एकूण आकडा घेऊन कामगारांची संख्या किंवा तत्सम निकषांवर तो जिल्ह्यांत वाटला जातो. म्हणून दोन जिल्ह्यांत हजार-दोन हजार रुपयांचा फरक दिसला, तर त्यावरून पुढे-मागे ठरवू नये.

आणखी एक बारकावा असा, की राज्याचे ‘दरडोई उत्पन्न’ बहुधा निव्वळ असते, म्हणजे यंत्रांची आणि इमारतींची झीज वजा करून काढलेले, तर देशांच्या याद्यांत येणारा आकडा बहुधा स्थूल उत्पादनाचा असतो, ज्यातून घसारा वजा केलेला नसतो. वर मी क्रोएशिया आणि महाराष्ट्र शेजारी मांडले तेही याच अडचणीसह मांडले आहेत. झीज मिळवून घेतली तर आपला आकडा थोडा वर सरकेल, पण अंतराचे स्वरूप बदलणार नाही.

जर्मनीतल्या पगाराला नव्वदने गुणले की खरे उत्पन्न कळते ना?

नाही कळत, आणि घराघरांत सर्वाधिक गैरसमज याच एका गुणाकाराने होतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा जर्मनीत नोकरीला लागला. कर वगैरे जाऊन हातात तीन हजार युरो येतात, हे कळल्यावर त्याच्या आईने 90 ने गुणून 2,70,000 रुपये हा आकडा काढला आणि सगळ्या गल्लीने तो लक्षात ठेवला. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा सर्वांत आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनमध्ये गेला. तिथे त्याचे सव्वाशे रुपयांत केस कापून झाले, डोक्याला मालीश झाली, वर दोन घटका गप्पाही झाल्या. तिकडे तो यासाठी पंचवीस-तीस युरो देतो, म्हणून दोन-दोन महिने केस वाढवतो, असे त्याने सांगितले. कात्री तीच, वेळ तेवढाच, कारागिरी कदाचित इथलीच सरस.

असे का होते, तर काही वस्तूंना जगभर साधारण एकच भाव असतो आणि काहींना तो नसतो. शिरोलीच्या फौंड्रीत ओतलेला इंजिनाचा भाग जहाजातून हॅम्बुर्गला जाऊ शकतो, त्यामुळे त्याच्या किमतीला जगाचा बाजार लगाम घालतो. शिरोलीतले केस कापणे मात्र हॅम्बुर्गला पाठवता येत नाही. जिथे कारखान्यांत एका कामगारामागे खूप उत्पादन निघते, तिथे सगळीकडेच मजुरी चढते आणि केशकर्तन, घरभाडे, शिकवणी, रिक्षा यांचे दरही त्याबरोबर चढतात. म्हणून श्रीमंत देश महाग असतात आणि आपल्याकडचा रुपया बँकेच्या दरापेक्षा जास्त काम करतो.

हे मोजण्यासाठी क्रयशक्तीचा दर काढतात. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने मिळून हे काम हाती घेतले. देशोदेशीच्या बाजारांतून सारख्या दर्जाच्या शेकडो वस्तू-सेवांचे भाव गोळा करायचे आणि त्यावरून दर ठरवायचा, अशी ती पद्धत आहे. 2017 च्या फेरीत बाजारात डॉलरला 65.12 रुपये पडत होते, पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते ते भारतात सरासरी 20.65 रुपयांत मिळत होते. तिप्पट फरक. हा दर साऱ्या भारताची सरासरी आहे, हेही विसरू नये. मुंबईतले भाडे आणि कोल्हापुरातले भाडे एकाच टोपलीत पडलेले आहे, त्यामुळे तो दर कोल्हापूरला जसाच्या तसा लावला तर आपले राहणीमान थोडे कमीच दिसते.

क्रयशक्तीचा दर मिळाला म्हणून सगळीकडे तोच वापरावा असेही नाही. पेट्रोल, मोबाइल, इस्पितळातले एमआरआय यंत्र, विणकामासाठी आणलेला परदेशी माग या वस्तू जगाच्या भावानेच घ्याव्या लागतात. इचलकरंजीतल्या कारखानदाराने नवे माग घेताना क्रयशक्तीचा विचार करून उपयोग नाही. त्याला बँकेचा दरच लागतो.

ऊसतोडणीला आलेल्या मजुरांचा पैसा कोल्हापूरच्या उत्पन्नात धरतात का? आणि पुण्याला गेलेल्या आमच्या मुलांचा?

पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे नाही. जिल्ह्याचे उत्पादन मोजताना ते कोणी केले यापेक्षा कुठे झाले हे पाहतात. गळीत हंगामात बीड, धाराशिव आणि आसपासच्या भागांतून टोळ्या येतात, पती-पत्नी मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एक घटक, धरला जातो, पालावर चार-पाच महिने काढून, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडून ते परत जातात. त्यांनी तोडलेल्या उसाचे मोल कोल्हापूरच्या खात्यात जमा होते. मग ते उत्पन्न भागले जाते कोल्हापूरच्या लोकसंख्येने, ज्यात ते कायमचे रहिवासी म्हणून मोजलेले नसतात. थंडीतल्या पहाटे चार वाजता फडात वाकलेल्या त्या बाईच्या श्रमाने आपली सरासरी वाढते आणि तिचे स्वतःचे राहणीमान तिच्या तालुक्याच्या तक्त्यात दडून जाते. ज्या जिल्ह्याला आपल्या उसाचा अभिमान आहे, त्याने हे उघडपणे मांडले पाहिजे.

उलट बाजूने पाहा. आजऱ्याचा किंवा गडहिंग्लजचा मुलगा हिंजवडीत काम करतो, त्याचे उत्पादन पुण्याचे. तो महिन्याला घरी जे पाठवतो त्यातून घराला स्लॅब पडतो, बहिणीचे शिक्षण होते, पण जिल्ह्याच्या उत्पादनात ते पाठवलेले पैसे दिसत नाहीत.

देशांनाही हीच अडचण येते. लक्झेंबर्गमधल्या नोकरदारांपैकी जवळजवळ निम्मे रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येऊन संध्याकाळी परत जातात, म्हणून त्याचे दरडोई उत्पादन डोळे दिपवणारे दिसते. निपाणीकडून सीमा ओलांडून कागलच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगारांनी हे चित्र आपल्याकडेही छोट्या प्रमाणात आणले आहे. आयर्लंडचे उदाहरण तर वर्गात मी नेहमी देतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंट व तत्सम मालमत्ता तिकडे हलवल्यामुळे 2015 मध्ये त्या देशाचे उत्पादन एका वर्षात सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले, प्रत्यक्षात सामान्य आयरिश माणसाच्या घरात तसे काहीच घडले नव्हते. शेवटी त्यांच्या सांख्यिकी कार्यालयाने हा फुगवटा काढून टाकणारे, सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचे वेगळे माप काढले. जिल्ह्यांसाठी असे माप आपल्याकडेही असावे, असे मला मनापासून वाटते.

गोठ्यातले दूध आणि घरातले काम हिशेबात येते का?

दूध येते. सकाळी धारा काढल्यावर संस्थेत घातलेले, फॅट लागून दहा दिवसांच्या बिलात उतरलेले दूध तर येतेच, पण चहासाठी आणि नातवंडांसाठी घरी ठेवलेले दोन लिटरही अंदाजाने धरले जाते, कारण घरच्या वापरासाठी पिकवलेली वस्तूही उत्पादनच मानली जाते. मालकीच्या घरात राहणाऱ्याचे काल्पनिक भाडेही असेच धरतात. मात्र त्याच दुधाचा चहा करणे, भाकरी थापणे, सासऱ्यांना औषध देणे, मुलाचा अभ्यास घेणे यांपैकी काहीही धरले जात नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी 289 मिनिटे बिनपगारी घरकामात घालवते आणि पुरुष 88 मिनिटे.

याचा तुलनेवर थेट परिणाम होतो. ज्या देशात पाळणाघर, वृद्धनिवास आणि तयार जेवण विकत घेतले जाते, तिथे तेच काम उत्पादनात येते. आपल्याकडे ते आई, सून आणि आजी करते, म्हणून शून्य ठरते. वैरण आणणे, शेण काढणे, म्हैस धुणे ही कामे तर दुधाच्या किमतीत असतात, पण संस्थेचे पासबुक बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असते.

‘जगात भारी, कोल्हापुरी’ हे मानव विकासाच्या आकड्यांत खरे ठरते का?

मानव विकास निर्देशांक म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि उत्पन्न मिळून काढलेला शून्य ते एक यांमधला आकडा. राज्याच्या 2012 च्या मानव विकास अहवालात कोल्हापूरचा निर्देशांक 0.770 होता, राज्याचा 0.752. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर यांच्यानंतरच्या मोजक्या जिल्ह्यांत आपण होतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. चूक पुढे होते. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत 2022 साठी श्रीलंकेचा निर्देशांक 0.780, व्हिएतनामचा 0.726 आणि भारताचा 0.644 होता. हे आकडे शेजारी ठेवून कोणी म्हणते, की आपण व्हिएतनामच्या पुढे आणि श्रीलंकेच्या खांद्याला खांदा लावून आहोत. पण राज्याच्या अहवालातली शिक्षणाची व आरोग्याची मापे वेगळी होती, शून्य आणि एक ही टोकेही वेगळी धरलेली होती. गुंठ्यांतला आकडा आणि एकरांतला आकडा एका रांगेत लिहिण्यासारखे ते आहे. राज्याच्या अहवालातून जिल्ह्या-जिल्ह्यांची तुलना करावी, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून देशादेशांची.

श्रीलंकेकडून शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. 1945 मध्ये, देश गरीब असतानाच, तिथे मोफत शिक्षण आले आणि उत्पन्न वाढण्याच्या आधी माणसे शिकली, जगू लागली. 2022 मध्ये परकीय चलन संपून त्या देशाची फार ओढाताण झाली, तरीही साक्षरता आणि आयुर्मान यांची कमाई टिकून राहिली. आपल्याकडे हा विचार त्याहून जुना आहे: राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पैसा आला की शाळा काढू, असे त्यांनी म्हटले नाही; राधानगरीचे धरण आणि गावची शाळा त्यांनी एकाच काळात मनावर घेतली. तरीही 2011 मध्ये जिल्ह्याची साक्षरता 81.51 टक्के होती, म्हणजे जवळजवळ शतकानंतरही पाचांतले एक माणूस बाहेरच राहिले होते.

आरोग्यात आपल्यासमोर ठेवायचा नमुना परदेशात शोधावाच लागत नाही. 2018-20 मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू भारतात 97, महाराष्ट्रात 33 आणि केरळात 19 होते. केरळचे दरडोई उत्पन्न आपल्या राज्याच्या आसपासचेच आहे.

सरासरी वाढली म्हणजे सगळ्यांचे राहणीमान वाढले का?

सरासरी हा शब्द फार झाकतो. हातकणंगले, शिरोळ आणि करवीरमध्ये कारखाने, माग, फौंड्र्या आणि नदीकाठची काळी जमीन आहे. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यांत पाऊस उदंड, पण शेत उताराचे आणि एसटीची फेरी दिवसातून मोजकी. जिल्ह्याचा एक आकडा या दोन्ही कोल्हापुरांवर पांघरला जातो.

राज्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. 2023-24 मध्ये महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या तुलनेत जवळजवळ दीडपट होते. त्याच वर्षीच्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात मात्र ग्रामीण महाराष्ट्रातला दरडोई मासिक खर्च 4,145 रुपये निघाला आणि ग्रामीण भारताचा 4,122 रुपये. उत्पन्न दीडपट आणि गावातल्या घरात खर्च फक्त 23 रुपये जास्त. उत्पादनाचा मोठा वाटा मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात आणि कंपन्यांच्या नफ्यात आहे, हे यामागचे मोठे कारण. म्हणून माणूस कसा जगतो हे पाहायचे असेल, तर मी आधी उत्पादनाचा तक्ता उघडत नाही, खर्चाचा उघडतो.

त्यातही अन्नावरचा वाटा पाहावा. घर जसे सुस्थितीत येते तसा खर्चातला अन्नाचा हिस्सा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये दाखवले. आज भारताच्या गावांत हा हिस्सा साधारण 47 टक्के, शहरांत 40 टक्के आहे आणि अमेरिकेत 11 ते 13 टक्क्यांच्या आसपास. या मापाला विनिमयदर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

महापुरानंतर उत्पन्न वाढलेले कसे दिसते?

कारण नुकसान वजा होत नाही आणि दुरुस्ती मात्र जमा होते. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि मग 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, की काय होते हे 2019 आणि 2021 मध्ये आपण सोसले आहे. वाहून गेलेली भिंत, मेलेली जनावरे, भिजलेले माग ही संपत्तीची हानी आहे. राष्ट्रीय हिशेबाच्या जागतिक नियमांनुसार नेहमीची झीज घसाऱ्यात धरतात, अशा आपत्तीचा फटका धरत नाहीत. बुडालेल्या पिकामुळे त्या वर्षीचे उत्पादन घटते खरे, पण नंतर सिमेंट, गवंडी, रंगारी, नवे फ्रीज यांवर झालेला खर्च उत्पादन वाढवतो. नदीकाठच्या चिखली गावातल्या एखाद्या घराने दुसऱ्यांदा तीच भिंत बांधली, तर हिशेब म्हणतो की बांधकाम वाढले.

हळूहळू होणारी हानी तर आणखीच दिसत नाही. शिरोळ तालुक्यात अतोनात पाणी आणि एकसारखा ऊस यांमुळे जमिनी क्षारपड झाल्या, रानावर पांढरा थर आला. पिकलेला प्रत्येक टन उत्पन्नात धरला गेला, पण गेलेले रान कुठेच वजा झाले नाही. मध्य आशियात कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटवला गेला, तेव्हाही कापसाचे आकडे वर्षानुवर्षे चांगलेच दिसत होते.

जागतिक बँकेची तीन डॉलरची दारिद्र्यरेषा म्हणजे रोज अडीचशे रुपये का?

नाही. 2025 मध्ये जाहीर झालेली ही रेषा 2021 च्या किमतींना आणि क्रयशक्तीच्या दराने मोजायची असते. त्या किमतींना ती साधारण साठ रुपयांच्या घरात येते. ती अत्यंत हलाखीची रेषा आहे. तिच्या वर असणे म्हणजे सुखवस्तू असणे नव्हे.

मुलीला परदेशी शिकायला पाठवायचे आहे. यातला कोणता दर धरू?

फी, विमान, विमा आणि तिथले भाडे आपल्या रुपयांतून भरायचे असेल, तर बँकेचाच दर धरावा, आणि कर्ज फिटेपर्यंत रुपया घसरू शकतो म्हणून हाताशी थोडी जादा रक्कम ठेवावी. तिथे नोकरी लागल्यावर तिचे राहणीमान कसे असेल हे जाणायचे असेल, तर तिचा पगार रुपयांत आणू नये. त्या शहरातले भाडे, प्रवास, किराणा आणि कर वजा करून महिनाअखेर किती युरो उरतात ते तिथल्याच चलनात पाहावे. तिने घरी पैसे पाठवायचे ठरले, तर फक्त त्या उरलेल्या युरोंना बँकेच्या दराने गुणावे, कारण कोल्हापुरात खर्च होणार आहेत ते तेवढेच.